शाईचा एकच थर

माझ्या सासऱ्यांची मिशी मी हातकणंगल्यात, त्यांच्या साठीच्या दिवशी, भरल्या घरासमोर उतरवली.

सासरे, म्हणजे आण्णा, तबल्याचे मास्तर. आसपासच्या गावांत त्यांच्या ठेक्याला मान होता आणि मिशीचा धाक. मी कोल्हापुरात एका दैनिकात उपसंपादक. लग्नाला सात वर्षं झाली तरी आण्णा मला ‘पेपरवाले पावणं’ म्हणत, आणि माझ्याशी बोलायचं असलं की माझ्या बायकोकडे, सुमनकडे, बघून बोलत. गाण्याच्या बैठकीत मी वहीत वादकांची चित्रं काढायचो, एवढाच आमच्यातला धागा. (तोही कच्चा. एकदा वही चाळून ते सुमनला म्हणाले, “सारंगीवाल्याला सहा बोटं हाईत. म्हणून सुरात वाजवतोय व्हय?”)

“साठीला आण्णांचं चित्र द्या,” सुमन म्हणाली. “एकदा तरी त्यांनी तुम्हाला चांगलं म्हणायला पाहिजे.”

पेन्सिलीचा मला कंटाळा आला होता. नवं माध्यम हवं होतं, आणि ते गल्लीतच सापडलं. आण्णांचेही तबले मढवणारे मकबूलचाचा दारात बसून कातड्याच्या मधोमध काळी शाई चढवत. लोखंडाची भुकटी, काजळी आणि भाताची खळ. एक पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, मग दुसरा. मध्येच बोटाची एक टिचकी, मान तिरकी, डोळे मिटलेले. कामात इतका बुडालेला माणूस मी आमच्या कचेरीत कधी पाहिला नव्हता. तबल्याचा मास्तर, तबल्याच्या शाईने, तबल्याच्या कातड्यावर! कल्पना मला स्वतःलाच फार आवडली.

चाचांनी लाकडी चौकटीवर कातडं ताणून दिलं, वर वाटीभर शाई दिली.

“थर किती द्यायचे?” मी विचारलं.

“आवाजाला इचारायचं. तो म्हणंल तवा थांबायचं.”

“चित्राला आवाज नसतो, चाचा.”

“मग तुमी थांबणार कसं?” चाचांनी जरा विचार केला. “पंचवीस धरा. एकेक घासून. घाई न्हाय चालत तिला.”

माझ्याकडे एक रविवार होता. चेहरा आणि अंगाची रेषा पेन्सिलीने आखून घेतली; कोट, केस आणि मिशी मी शाईच्या एकाच थरात, चांगली बोटभर जाड, उरकून टाकली. ओलं असताना चित्र खरोखर देखणं होतं. सुमन बराच वेळ बघत राहिली. “अगदी आण्णा,” म्हणाली.

साठीला चित्र साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने निघालो. वाटेत खडखड असा बारीक आवाज येत होता. तो मी खिडकीच्या काचेचा समजलो.

ओवाळणं झालं. पाटावर बसलेल्या आण्णांच्या पुढ्यात चित्र उभं धरून मी साडी सोडली. आधी कोट त्यांच्या मांडीवर आला. मागोमाग केस. मिशीची डावी बाजू थोडा वेळ थांबली; सगळ्यांनी नीट बघून घेतल्यावर तीही आली. कातड्यावर उरला पेन्सिलीने काढलेला एक टकला, उघडाबंब गृहस्थ.

“बारशातला हाय जणू,” आण्णांची मोठी बहीण कौतुकाने म्हणाली.

सुमनने मान खाली घातली. आण्णांनी मांडीवरचा एक तुकडा उचलला, चिमटीत चुरला.

“मकबूलची शाई.” सात वर्षांत पहिल्यांदाच ते थेट माझ्याकडे बघत होते. “एका थरात चढवली?”

“होय.”

“घासली न्हाय?”

“वेळ नव्हता.”

आण्णांनी चित्र हातातून घेतलं, आडवं करून मांडीवर ठेवलं आणि टकल्यावर टिचकी मारली. गोल, भरदार नाद निघाला. त्यांनी दुसरा हात लावला. दादरा सुरू झाला. माणसं जिथल्या तिथे बसली, जेवणाची पानं तासभर लांबली. मी तर मिशीचं दुःख विसरून मान डोलवत होतो. साठ वर्षांचा माणूस एका चौकटीतून काय काय काढत होता!

“वा,” थांबल्यावर ते मला म्हणाले. “वा, पावणं. झकास चीज आणलीसा.”

“चांगलं म्हणाले की,” परतताना सुमन खुशीत होती.

चाचांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, “वाजलं कसं?”

“फार सुंदर.”

“मग चित्र पडलं ते बरंच झालं. त्येच्याखाली आवाज दबला असता.”

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी बातमी अचूक देतो : माझं चित्र आण्णांना मनापासून आवडलं. फक्त ते आधी गळून पडावं लागलं.