तांदळाएवढं हाड

संताच्या हाडाचा पोशाख मी शिवलाय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते बाहेरचं कुणी बोललं असं वाटायला नको.

आळेफाट्यावरून आत, जुन्नरच्या अंगाला आमचं छोटंसं चर्च होतं. चाळीसेक घरं, सगळी मराठी, बहुतेक मजुरीवर जाणारी. माझं शिवणाचं दुकान फाट्यावर. दोन हजार सालच्या आसपास नवे फादर आले आणि त्यांनी कुठं कुठं पत्रं लिहून एका परदेशी संताचं हाड मिळवलं. पुण्याहून जीपमधून आलं ते. पुढे बँड, मागे आम्ही. काचेची गोल डबी, आत लाल धागा, मागे लाखेची मोहोर, आणि सोबत लॅटिनमधला कागद, की हे हाड त्याच संताचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. फादरांनी तो कागद वेदीवरून सगळ्यांना दाखवला. वाचता एकालाही येत नव्हता, तरी माना डोलल्या. हाड केवढं, तर तांदळाच्या दाण्याएवढं. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटली, "तुला दिसतंय का गं? मला तर निस्ती काचच दिसती."

डबीसाठी पितळी मखर आलं होतं, चहूबाजूंनी किरण असलेलं. त्यात बसवायला मखमलीची गादी आणि मागचा पडदा मी शिवायचा, असं ठरलं. मला विचारलं म्हणून मी हुरळून गेले. हौसेला मोल नसतं, तशी माझी गत.

मखमल आणायला मी नारायणगावला गेले. दुकानदार जैन, तीन पिढ्यांपासून इथलेच, मराठी आमच्यापेक्षा चोख.

"कशाला पाहिजे ताई? नवरीच्या बटव्याला?"

"नाही, हाडाखाली घालायला."

त्याचा गज तिथंच थांबला. "कुणाच्या हाडाखाली?"

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कापड कापलं आणि पुडी माझ्या हातात न देता गल्ल्याशेजारी ठेवली. म्हणाला, "आमच्याकडं माणूस गेला की गेला, ताई." मला त्याचा इतका राग आला की वाटेत जीपमध्ये दोघी-तिघींना सांगत सुटले. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात अक्कल असलेला तो एकटाच होता.

मोती हाताने लावायचे होते. चर्चच्या सिस्टरांनी वेदीमागची खोली दिली. दुकान आठवडाभर चालू, त्यामुळे मला रविवारच मोकळा. सकाळच्या मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, मागच्या दाराने आत जायचं, प्रसाद घ्यायचा आणि लगेच खोलीत जाऊन बसायचं, दार लावून, मखमलीवर धूळ नको म्हणून. असे तीन रविवार गेले.

आमच्यात लग्न ठरलं की मिस्साच्या शेवटी तीन रविवार सूचना वाचतात. अमक्याचं तमकीशी लग्न आहे, कुणाची हरकत असेल तर कळवा. तिसऱ्या रविवारपर्यंत कुणी बोललं नाही की झालं, सगळ्यांची संमती. त्या तीन रविवारी फादरांनी तशीच एक सूचना वाचली, पण लग्नाची नव्हे. हाडासाठी चर्चला लागून नवी खोली बांधायची आहे, त्यासाठी कबरस्थानातली भिंतीलगतची ओळ उकरावी लागेल, ज्यांची माणसं तिथं आहेत त्यांनी हरकत असल्यास सांगावं. कुणी बोललं नाही. त्या ओळीतल्या बहुतेकांचे नातेवाईक कधीच मुंबई-पुण्याला गेलेले. आणि जी एक होती, ती दाराआड बसून मोती ओवत होती. माझी आई त्या ओळीत होती.

गादी बसवायला म्हणून मी तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी दुकान बंद ठेवून गेले. जाताना नव्या साडीची घडी मोडली होती, हेही लाज सोडून सांगते. बघते तर ओळीच्या जागी नव्या खोलीच्या पायाचा चर, आणि आईचा क्रूस इतर क्रूसांबरोबर भिंतीला टेकवून ठेवलेला, खुर्च्या ठेवाव्यात तसा.

मी कमिटीतल्या एका भाऊंना गाठलं. ते म्हणाले, "आगं, तीन रविवार वाचलं की! तू तर आतच असायचीस. आमाला वाटलं, तुला समद्याच्या आधी ठावं असंल."

फादरांनी पण तेच सांगितलं, फक्त शुद्ध भाषेत. नियमाप्रमाणे झालंय. कुणाचीही हरकत आली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. माझं तोंड तर मीच दाबलं होतं, सुई-दोरा घेऊन.

"आई कुठाय?" मी विचारलं.

पाण्याच्या टाकीमागे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. चार. गवंड्याने सांगितलं, आठ जणांचं आहे त्यात, वेगळं ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्याने आपणहून एक ताडपत्री आणून पसरली आणि गोण्या हळूहळू ओतल्या. ओतल्यावर जो आवाज झाला त्याबद्दल मी त्या फादरांना आजवर माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

आईचा पाय लगेच सापडला. कांद्याच्या काढणीला जाताना ती ट्रॉलीवरून पडली होती, तेव्हा मांडीत स्टीलची पट्टी टाकली होती. पट्टी तशीच, स्क्रूसकट. मग मी तिचं डोकं शोधायला लागले.

आठ कवट्या होत्या. एकेक हातात घेतली, माती पुसली. आईच्या पुढच्या दातांत फट होती. दोघांच्या दातांत फट होती. आई मिश्री लावायची. अर्ध्याअधिक कवट्यांचे दात मिश्रीनेच काळे. तिचं कपाळ रुंद होतं की मला लहानपणी तसं वाटायचं? जिने मला बावीस वर्षं रोज तोंड दाखवलं, ती समोर होती आणि मला ओळखू येत नव्हती.

फादर आले. मायेने म्हणाले, "कशाला एवढा त्रास करून घेतेस? देव आपली माणसं बरोबर ओळखतो."

"मग त्या दाण्याएवढ्या हाडाला कागद कशाला लागला, फादर?"

त्यांना आजाऱ्याकडे जायचं होतं, ते गेले.

गवंडी म्हणाला, "ताई, पट्टीवालं तेवढं घिऊन जावा. ते तर तुमचंच हाय. ऱ्हायलेलं आमी पुरतो नीट."

मी ते हाड पदरात गुंडाळलं आणि फाटकापर्यंत गेले. तिथं माझे पाय थांबले. घरी नेऊन ठेवणार कुठं? कपाटात, खाली काहीतरी मऊ घालून. मग सणाला ते कापड बदललं असतं. मग कड शिवली असती, मोती लावले असते. स्वतःला मी चांगली ओळखते. त्या संताचंही कुणीतरी असंच केलं असणार, आधी प्रेमाने एक तुकडा उचलला असणार, आणि मग तो माणूस कुठं कुठं वाटला गेला. आईचं डोकं ताडपत्रीवर आणि पाय माझ्या कपाटात, असं मला करायचं नव्हतं.

परत आले आणि हाड होतं तिथं ठेवलं. गवंड्याला म्हटलं, एकच खड्डा खण, खोल खण, मी थांबते. संध्याकाळपर्यंत त्याने खणला. पितळी मखरात गादी कुणी बसवली मला माहीत नाही. संताच्या डबीला सगळे रांगेने ओठ लावतात, मी कधी गेले नाही, तसं विचारायचीही कुणाची हिंमत झाली नाही.

खड्ड्यात उतरून कवट्या मी माझ्या हाताने ठेवल्या. त्यात पुरुषही असतील. प्रत्येक वेळी मी "आई" म्हटलं. आठ वेळा म्हटलं. त्यातल्या कुठल्या वेळी ती ऐकत होती, ते मला कधीच कळणार नाही.