डाळीचं पाणी

विळ्याचं टोक लाल झालं होतं. ते गोवऱ्यांच्या विस्तवात खुपसून एक म्हातारा उकिडवा बसला होता. दोन बायकांनी माझा उजवा हात दगडावर दाबून धरला होता. दहा हातांवर बाभळीला आमचा कुत्रा सुभेदार बांधलेला होता. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. त्याच्यापुढे एक गडी कुऱ्हाड घेऊन उभा होता. आधी माझ्या हाताला डाग, मग कुत्र्यावर घाव, असं ठरलं होतं. मी कोणाशी भांडत नव्हते. कुत्रा पिसाळला आहे असं मलाही वाटत होतं.

माझ्या लहानपणी चुलत्याला पिसाळलेला कोल्हा चावला होता. शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या दिसला की चुलता भिंतीला पाठ लावून ओरडायचा. ते मी दारातून पाहिलेलं होतं. म्हणून हात मीच पुढे केला होता. तो मागे जाऊ नये म्हणून बायकांनी धरला होता, एवढंच.

मी तिथवर कशी पोचले ते आता सांगते.

माझे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात कारकून होते. वऱ्हाडात मोजणी निघाली तेव्हा त्यांना दर्यापुरास धाडलं. आम्ही साताऱ्याकडून बैलगाडीने निघालो. सुभेदार गाडीच्या कण्याखाली, सावलीला चालत आला. अकोल्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागल्या. मला वाटलं फुलल्या. जवळून पाहिलं तर काट्यांना कापूस अडकला होता. कापसाच्या गाड्या जाता-येता घासत होत्या आणि जो अडकेल तो तिथेच राहत होता.

मी एका गाडीवानाला विचारलं, "हा कोणी वेचून नेत नाही?"

"कोन वेचते जी? कुठं दूर लढाई लागली म्हनतेत, कापसाचा भाव चढला, अन् आमच्या घरी दिवायी (दिवाळी) झाली."

त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. त्याच्या धोतराला ठिगळ होतं.

पूर्णा नदी उतरून दर्यापूर आलं. गाव लहान, बाजार मोठा. चंद्रभागेच्या काठाने बाजार भरे. माणसांपेक्षा कापसाचे ढीग जास्त, आणि त्या ढिगांवर कुत्री झोपलेली. नदीच्या वाळूत बायका हातभर खड्डा करून बसत. त्याला झिरा म्हणतात. त्यात पाणी साचलं की वाटीने घागर भरायची. आमच्याकडे तेच पाणी पाणक्या आणून टाकी. म्हणून तिथल्या विहिरींचं पाणी कसं असतं ते मला कळायचं कारण नव्हतं.

यजमान दिवसभर मोजणीची साखळी टाकत शेतांतून हिंडत. मी घरात बसून काय करणार? सकाळी भाकरी झाल्या की कुत्र्याला घेऊन निघे. आधी नदीच्या काठाने, मग गाडीवाटेने शेजारच्या खेड्यापर्यंत. काळी जमीन वाळून तडकलेली, भेगा अशा की त्यांत काठी अर्धी जाई. दोन्ही बाजूंनी कमरेएवढी कपाशी. वेचणाऱ्या बायका ओटीत बोंडं भरत आणि मान वर करून विचारत, "कोन्या कामानं चालल्या बाई?"

"काही काम नाही. कुत्र्याला फिरवते."

"त्याले पाय नाईत का?" आणि सगळ्या हसत.

एक गोष्ट मला तिथे कळली. प्रत्येक गावची कुत्री भुंकत अंगावर येतात, आपल्या शिवेपर्यंत पोचवतात आणि तिथे थबकतात. पुढे एक पाऊल टाकत नाहीत. यजमान दोन-दोन दिवस साखळी ओढून जी शीव ठरवत, ती मला कुत्र्यांवरून एका सकाळी कळे. मी हे त्यांना सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

या कुत्र्यांमुळे मी सुभेदाराच्या गळ्यात दोर बांधू लागले. त्या दिवसापासून वाटेवरची माणसं मला पाहून कपाशीत शिरून उभी राहू लागली. मला वाटलं, सरकारी कारकुनाची बायको म्हणून मान देतात. मला बरं वाटलं, हे कबूल करते.

माघात एके दिवशी मी नेहमीपेक्षा लांब गेले. त्या गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं भली होती. ऊन चढलं, वाळक्या भोपळ्यात भरून नेलेलं पाणी संपलं, सुभेदाराची जीभ लोंबू लागली. शिवेजवळ त्याच्या पंजात बाभळीचा काटा गेला. तो काढताना त्याचा दात माझ्या मनगटाला लागून रक्त आलं. काटा काढला तरी तो लंगडतच होता. गावच्या विहिरीपाशी गुरांसाठी दगडी डोण भरलेली होती. आधी त्याला पाजावं म्हणून मी त्याला डोणीपाशी नेलं. त्याने पाणी हुंगलं, अंग आखडून मागे सरला आणि केकाटला. मी मान धरून त्याला पुन्हा पुढे केलं. पुन्हा तसंच.

विहिरीवरची एक बाई ओरडली, "पिसायलं! कुत्रं पिसायलं वो! पान्याले भिऊन राहिलं!"

माणसं जमली. एकाने दोर बाभळीला आवळला. म्हणाला, "बांधेल दिसलं तवाच मी म्हटलं. बरं कुत्रं कोन बांधून हिंडवते?"

मग मला कळलं की वाटेवरची माणसं कपाशीत का शिरत होती. तिथे कुत्रं मोकळंच असतं. बांधलेलं दिसलं तर ते पिसाळलेलं. वर लंगडणं, लाळ, माझ्या मनगटावरचं रक्त. कोणीतरी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावून आणलं.

तो मला म्हणाला, "तीन डाग द्या लागतेत, माय. वरडायचं असन तर वरड. लाज नाई."

विळा हातावर टेकला. मी ओरडले. तो पुन्हा विस्तवात गेला.

माझा हात धरणाऱ्या दोघी सासू-सुना होत्या. सून विशीच्या आतली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. आतापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. कुत्र्याकडे बघत ती सासूला हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी लगन होऊन आली तवा तीन दिस पानी पेली नव्हती."

"तोंड दाब. मानसं बोलून राहिले न."

"हुंगलं की वकारी ये. तुमी म्हटलं, नखरे करते पोरगी. पन कुराड नाई आनली कोनी."

कुऱ्हाडवाला वळला. "काय म्हनते थे?"

आता ती मोठ्याने बोलली, पण तोंड सासूकडेच ठेवून. "आमच्या परतवाड्याकडं पानी गोड हाय. इथलं खारं. हे कुत्रंबी बाहेरून आलं. पिसायलं का खारं लागलं, थे पाहा ना आधी. आपल्या घरी डायीचं पानी हाय."

तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. म्हणून घरोघर नदीच्या लांबच्या झिऱ्यावरून एक मडकं गोडं पाणी आणून ठेवतात, ते फक्त डाळीपुरतं. तान्ह्या पोरालाही त्यातलं सहज देत नाहीत.

सासू म्हणाली, "अन् आज डाय कायनं शिजवशील?"

"आज बेसन खाऊ, आत्याबाई."

म्हातारा विस्तव फुंकत होता. विळा पुन्हा लाल होत आला होता. सासूने माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि सुनेवरच खेकसली, "जाय मंग! उभी कावून हायस?"

सून पळाली. म्हातारा विळा काढून माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "ती येईपर्यंत थांबा."

"विळा निवते, माय."

"निवू द्या. पुन्हा तापवा."

तिने मडकं आणून पाणी एका खापरात ओतलं. सुभेदाराच्या जवळ जायला कोणी तयार होईना. तिनेच काठीने खापर पुढे सरकवलं. तो आधी मागे सरला. मग त्याने नाक लावलं, जीभ लावली आणि खापर चाटून कोरडं केलं. तिने पुन्हा ओतलं. तेही संपलं. मडकं रिकामं झालं तेव्हा त्याने शेपटी हलवली.

कुऱ्हाडवाला म्हणाला, "मंग मी कुराड कावून आनली?"

सासू म्हणाली, "लाकडं तोड. बेसन शिजवाचं हाय."

म्हाताऱ्याने तापलेला विळा विस्तवातून काढला. मग त्याने तो मातीत खुपसला.

मी उठून डोणीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि चाखलं. खारट आणि वर कडवट. मीही थुंकून टाकलं. आधी स्वतः चाखलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हटलं, "तुम्ही हे रोज पिता?"

"मंग काय पेवाचं?" विहिरीवरची बाई म्हणाली. "आमाले तं काई लागत नाई."

सासू-सुनांनी माझ्या हातावर तूप लावलं, ज्वारीची भाकर आणि बेसन खाऊ घातलं. त्यांनी बेसनात मीठ घातलं की नाही कोण जाणे, पाण्यानेच ते खारट झालं होतं. निघताना मी दोर सोडून ओटीत ठेवला. गावची कुत्री आम्हाला शिवेपर्यंत पोचवायला आली आणि तिथे थांबली.

यजमानांनी मला रागावून झाल्यावर मोजणीच्या वहीत त्या विहिरीपुढे 'खारी' असं लिहिलं. पुढच्या बाजाराला मी झिऱ्याच्या दोन घागरी भरून एका गाडीवानाबरोबर त्या सुनेकडे पाठवल्या. त्याने परत येऊन निरोप सांगितला, "बाईनं म्हटलं, घागरी पावल्या. अन् कुत्रं कसं हाय?"

वर्षाने मोजणी पुढे सरकली आणि आम्ही माघारी आलो. इकडे लोक अजून मला त्या दिवसांच्या कापसाचं विचारतात, चांदीच्या शेंब्या खरंच होत्या का म्हणतात. होत्या. पण नव्या गावी गेले की मी आधी पाणी चाखते, मग तिथल्या माणसांबद्दल आणि कुत्र्यांबद्दल काय ते ठरवते. वऱ्हाडातून आणलेली शिकवण म्हणाल तर एवढीच. हातावर तिनांच्या जागी एकच डाग आहे.

सुभेदार गाडीच्या कण्याखालून चालत घरी आला. तो आणखी सात वर्षं जगला. मी अजून आहे.