पेन्सिलीतली तारीख

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, याविषयी मी स्वतःच साशंक आहे; तेव्हा आरंभीच क्षमा मागते. शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवताना आयुष्यभर इतरांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या, पण स्वतः चार ओळी छापायला देण्याचे धाडस साठी उलटेपर्यंत झाले नाही. आणि आज ते होते आहे, तेही जिने मला या वयात लिहायला बसवले तिच्या जाण्यावर... अर्चना माझी विद्यार्थिनी. पुढे तिने मला आपल्या कामात ओढले आणि शेवटी माझी वरिष्ठ झाली. ती गेली त्याला काही आठवडे लोटले आहेत, परंतु ज्या बातमीपत्रासाठी तिने अर्धे आयुष्य खर्च केले, त्यात तिच्या मृत्यूची बातमी अद्याप आलेली नाही. ती द्यावी की न द्यावी, हा प्रश्न माझ्यापुढे आहे. तो नीट मांडता यावा म्हणूनच हा लेख.

डिसेंबरातला रविवार होता. मी अंबरनाथ पश्चिमेला माझ्या घरी सकाळचा चहा घेत असताना फोन वाजला. बदलापूरला कात्रपमध्ये अर्चना आणि तिची आई, दोघीच राहत. फोनवर आई होत्या. "बाई, अर्चना उठत नाय. खुर्चीतच बसलीय. तुम्ही या." एवढेच. आवाजात रडणे नव्हते, घाई नव्हती. एखादे मूल अभ्यास करत नाही अशी तक्रार करावी तसा तो स्वर होता, आणि खरे सांगायचे तर मीही रिक्षात बसेपर्यंत तिला रागावण्याची वाक्येच मनात जुळवत होते. मी पोहोचले तेव्हा खालच्या दवाखान्यातले डॉक्टर जिना उतरत होते. हृदयविकाराचा झटका, झोपेतून उठून खुर्चीत बसल्यावर आला असावा, असे ते म्हणाले. पंचेचाळिशीही न गाठलेली मुलगी. आदल्या संध्याकाळी तिने मला एका स्वल्पविरामावरून हैराण केले होते. संध्याकाळी सारे आटोपले, मी घरी परतले, आणि सोमवारी सकाळी सवयीने संगणक उघडला तर तिचे पत्र आलेले! 'नमस्कार मंडळी, हंगाम तोंडावर आला...' बातमीपत्राचा ताजा अंक होता तो. अंक शनिवारीच तयार करून सोमवारी सकाळी आपोआप जाईल अशी तजवीज ती दर आठवड्याला करून ठेवत असे, हे मला पूर्णपणे ठाऊक होते. तरीही मी पत्रावरची वेळ पुन्हा पुन्हा पाहिली. अंकाच्या अखेरीस 'येत्या पंधरवड्यात' या सदरात तिने लिहिले होते: 'भेटूच नाशिकला.' दुपारपर्यंत त्याला उत्तरेही येऊ लागली. भेटू. नक्की भेटू. जागा राखून ठेवतो.

हे बातमीपत्र कसले, ते सांगायला हवे. आपल्याकडे द्राक्षांपासून वाइन बनवणाऱ्या वायनऱ्या आहेत, आणि त्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचवणे, पत्रकारांना मळे दाखवणे, नव्या बाटलीचा समारंभ आखणे हे काम करणारी माणसेही आहेत. या माणसांनी एकमेकांची खबर ठेवावी यासाठी अर्चनाने 'वेलवार्ता' हे साप्ताहिक बातमीपत्र चालवले. कोण कोणत्या वायनरीत रुजू झाले, कोणाचा महोत्सव केव्हा, कोणत्या स्पर्धेची मुदत संपत आली... मजकूर इंग्रजीत असे. काही वर्षांपूर्वी ती एकदा माझ्या घरी आली आणि म्हणाली, "बाई, मराठी आवृत्ती काढायचीय. माझं मराठी तुम्हाला माहीत आहे." मला ते चांगलेच माहीत होते. मी म्हटले, "अगं, मला यातले काही कळत नाही. शिवाय सोसायटीत लोक काय म्हणतील?" त्यावर ती हसून म्हणाली, "सांगा, द्राक्षांचं भाषांतर करते." मी खरोखरच पुढे तसे सांगू लागले.

कात्रपच्या त्या घरात कामाच्या टेबलासमोर भिंतीवर एक मोठी दिनदर्शिका होती, आणि अर्चनाची खरी मातब्बरी अंकापेक्षा त्या दिनदर्शिकेत होती. एकाच शनिवारी दोन वायनऱ्यांनी पत्रकारांना बोलावले तर दोघींचेही मांडव निम्मे रिकामे राहणार. म्हणून कोणताही समारंभ ठरवण्यापूर्वी या क्षेत्रातली माणसे आधी अर्चनाला फोन करत. ती खुर्ची न सोडता मान वर करून पाहत असे. फोनवर नुसती विचारणा झाली की त्या चौकोनात पेन्सिलीने नाव लिहायचे. स्वतः यजमानाने 'पक्के' म्हटले की तेच पेनाने गिरवायचे. आणि ज्या दिवशी दारूविक्री बंद, त्या दिवसाभोवती लाल वर्तुळ. पेन आणि पेन्सिल दोन्ही दोऱ्याने खिळ्याला बांधलेली असत. एकदा पुण्याच्या एका मोठ्या प्रसिद्धी संस्थेतल्या मुलीने नव्या वाइनचा समारंभ थेट अनंत चतुर्दशीला लावला होता. अर्चना तिला फोनवर म्हणाली, "अगं, ड्राय डे आहे. गणपतीच्या हाती ग्लास देणार आहेस का?" आतून आईंचा आवाज आला, "भटजीकडे येत नाय एवढी माणसं मुहूर्त काढायला येतात हिच्याकडे. दारूचं पंचांग बघते माझी लेक!" अर्चना फोनवर हात ठेवून ओरडली, "आई, वाइन! दारू नाही, वाइन!" "बरं बाई, वाइन. मग संध्याकाळच्या दिव्याच्या वेळेला वाइनचे फोन घेऊ नको."

त्या घरात काचेचा एकही पेला नव्हता, हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आले. एका वायनरीने वर्णनासाठी बाटली पाठवली, तेव्हा अर्चनाने ती स्टीलच्या पेल्यात ओतून माझ्यापुढे धरली. "प्यायची नाही, बाई. नुसता वास घ्या आणि मराठीत सांगा." मी दाराची कडी लावून घेतली आणि मग वास घेतला. कढईच्या तळाला किंचित लागलेल्या गुळाची आठवण झाली. भीतभीत तसे म्हणाले. तिने टाळीच वाजवली आणि ते वाक्य अंकात माझ्या नावाने छापले. माझ्या वाक्याखाली माझे नाव प्रथम उमटले ते असे. पुढे ती मला आवर्जून बरोबर नेऊ लागली. पत्रकारांना भेट द्यायच्या बाटल्यांसाठी पुठ्ठ्याची देखणी खोकी उल्हासनगरला दयालशेठ या सिंधी व्यापाऱ्यांकडे बनत. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेठ माझ्या सुती साडीकडे आणि चष्म्याकडे पाहत म्हणाले, "दीदी, टीचर लोग भी इस लाइन में?" अर्चना म्हणाली, "शेठ, जपून. बाईंना एक काना कमी दिसला तर सगळा माल परत पाठवतील." शेठनी हात जोडले. "फिर तो पहले बाई को चाय पिलाओ, माल बाद में दिखाओ!" त्या दिवशी खोक्यावर खरोखरच एक काना कमी होता. मी संकोचाने गप्प राहिले. अर्चनाने माझ्या चेहऱ्यावरून ओळखले.

तिचा आणखी एक नियम होता, आणि आज सारे त्यावरच येऊन थांबले आहे. अंकात 'निरोप' नावाचे छोटे सदर होते. क्षेत्रातले कोणी निवर्तले तर त्यात चार ओळी येत, पण घरच्या माणसाने स्वतः 'हो' म्हटल्याखेरीज ती बातमी छापायची नाही. एकदा एका वृद्ध प्रसिद्धी अधिकाऱ्यांच्या निधनाची वार्ता फोनाफोनी होत सर्वत्र पसरली; समाजमाध्यमांवर श्रद्धांजल्यांचा पूर आला. मी मजकूर तयार करून दिला. अर्चना म्हणाली, "थांबा, बाई. घरी विचारते." फोन त्या गृहस्थांनीच उचलला. "अहो, मी आहे अजून! रुग्णालयात होतो एवढंच. पण काय लिहिलंय माझ्याबद्दल? वाचून दाखवा ना, चांगलं असेल तर पुरावा म्हणून ठेवतो." आम्ही दोघी हसून हसून दमलो. चहा घेऊन आलेल्या आईंना तिने सगळे सांगितले, तेव्हा त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघा. घरच्यांना विचारावंच लागतं."

तेरावे झाल्यानंतर मी पुन्हा कात्रपला गेले. 'निरोप'च्या चार ओळी लिहून नेल्या होत्या. नियमाप्रमाणे संमती घ्यायची आणि पुढच्या सोमवारी तो अंक पाठवून सारे थांबवायचे, असे मनाशी ठरवले होते. दार उघडेच होते. आई टेबलाशी उभ्या होत्या आणि अर्चनाचा फोन त्यांच्या कानाशी होता. पलीकडे दयालशेठ बोलत असल्याचे त्यांच्या मोठ्या आवाजावरून मला दारातच कळले. एका वायनरीच्या समारंभासाठी खोकी बनवायची होती, आणि तो कोणत्या शनिवारी ठेवता येईल, ते विचारत होते. "ती कामात हाय," आई म्हणाल्या. "तारीख सांगा तुम्ही... त्या शनिवारी दुसऱ्यांचं हाय. पुढचा रिकामा दिसतो. लिहून ठेवते." आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेऊन त्यांनी चौकोनात काळजीपूर्वक लिहिले. नंतर समजले की मधल्या सगळ्या दिवसांत फोन येतच होते, आणि आई तारखा देत होत्या. एकही तारीख दुसरीवर आदळली नव्हती.

"अर्चनाच्या आई," मी म्हणाले. शाळेतल्या पालकसभेपासून मी त्यांना अशीच हाक मारत आले आहे. त्यांचे दुसरे नाव मी कधी विचारलेच नाही. "अर्चनाच्या आई, लोकांना सांगायला हवे ना?" त्या भिंतीकडे वळल्या. नव्या वर्षाची दिनदर्शिका अर्चनाने आधीच आणून ठेवली होती. आईंनी ती जुनीच्याच वर, त्याच खिळ्याला अडकवली होती. त्यांनी तिची पाने वर उचलली. खाली डिसेंबर होता. त्या रविवारच्या चौकोनात, शाळेत न गेलेल्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहिले होते: अर्चना. पेन्सिलीने.

"मला कळत नाय असं नाय, बाई," त्या म्हणाल्या. "तिला आंघोळ मी घातली. पण नियम तिचाच हाय ना, घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय छापायचं नाय? त्या म्हाताऱ्याचं सगळ्यांनी छापलं, हिने नाय छापलं. तो जिवंत निघाला."

"पण हे तसे नाही..."

"नाय तसं. माहीत हाय. पण घरची मीच ना? मी अजून हो म्हटलेलं नाय."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यानंतरचे अंक मी तयार करते आहे. आई फोनवर तारखा लिहून घेतात, मी आठवड्यातून एकदा जाऊन त्या उतरवून आणते, आणि सोमवारी सकाळी अंक जातो. खाली संपादक म्हणून अर्चनाचेच नाव असते. नाशिककडच्या काहींना कळले असावे. ते संकोचाने गप्प असतील. बाकीचे मात्र अजून लिहितात: मॅडम, या वेळी भेटलो नाही, पुढच्या महोत्सवाला नक्की. ते वाचताना दर वेळी मी हादरते. तिच्या नावाने मी त्यांना उत्तर देत नाही, एवढेच काय ते माझे प्रामाणिकपण. जन्मभर मुलांना खरे लिहा म्हणून सांगितले. आता दर सोमवारी एक खोटी ओळ माझ्या हातून जाते. आणि ती खोडली, तर त्या घरातला फोन वाजायचा थांबेल. मग त्या खोलीत आई दिवसभर काय ऐकत बसतील, हे मला कल्पनेतही पाहवत नाही.

हा लेख लिहू का, असे मी त्यांना विचारले. वाटले, नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "पेपरात लिहा. पेपर वाचणारी माणसं तारखा विचारायला फोन करत नाय." मी निघताना म्हणाल्या, "चांगलं लिहा. तिला चुका आवडायच्या नाय."

परवा गेले तेव्हा त्या भाजी आणायला खाली उतरल्या होत्या. अर्चनाची खुर्ची टेबलात सरकवलेली होती. फोन चार्जिंगला होता. मी नवी दिनदर्शिका उचलून जुने पान पाहिले. पेन्सिलीचे अक्षर थोडे पुसट झाले आहे. पाने वरखाली होताना घासत असणार. आणखी काही महिन्यांत ते वाचता येणार नाही. दोऱ्याला पेन लोंबत होते. मी ते हातात घेतले, टोपण काढले... तेवढ्यात फोन वाजला. मी तो उचलला नाही, आणि जिन्यावर आईंची पावले लगबगीने वर येऊ लागली, "आले, आले, ठेवू नका!" मी टोपण लावले आणि पेन सोडून दिले.

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर ते अक्षर पेनाने गिरवले असते का?