तारप्याला पाठ

माझ्या दादाला आणि मला लहानपणापासून वाजवणारा म्हणून एकच माणूस माहीत. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरचा म्हातारा तारपकरी. भात कापून झालं, नवा तांदूळ देवाला दाखवला, की तो भिंतीवरचा तारपा काढायचा. दुधी भोपळा सुकवून स्वतःच्या हातानं केलेला, पुढं ताडाच्या पानाचा कर्णा. तो अंगणाच्या मधोमध वाजवायचा आणि आम्ही कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरायचो. रांगेच्या तोंडाशी घुंगुरकाठी घेऊन दादा. त्यानं काठी आपटली की रांग वळायची.

नियम एकच. तारप्याला पाठ दाखवायची नाही. तारपकरी वळेल तसं वळायचं, तोंड त्याच्याकडंच. हे कुणी शिकवत नाही. आईच्या पाठीवर झोळीत असतानाच ते अंगात जातं.

मग दादा वीटभट्टीवर जायला लागला. मुकादमाची गाडी दिवाळी सरताच येते, म्हणजे नाच सुरू व्हायच्या आत. एकट्या दादाची गोष्ट नाही ही. निम्मा पाडा त्याच गाडीत असतो. उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. त्यांनी कुणाच्या कमरेत हात घालायचा? तारपकऱ्यानं पाड्यावर वाजवणं सोडलं त्यालाही वर्षं झाली. लोक म्हणतात परंपरा लोप पावली. लोप कसली पावते! ट्रकात भरून भिवंडीला नेतात तिला.

दादाकडं मोबाईलमध्ये त्या म्हाताऱ्याचं वाजवणं आहे. भट्टीवर जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. "चिलटासारखा आवाज येतो गं, पण येतो," असं मला सांगायचा.

यंदा मुकादमाची गाडी लांबली. आणि तेवढ्यात कळलं की जव्हारच्या मैदानावर महोत्सव आहे आणि आमचा म्हातारा तिथं वाजवणार आहे. दादानं आढ्याला खोचलेली घुंगुरकाठी काढली, पुसली, गोणीत गुंडाळली.

"काठी कशाला?" मी म्हटलं. "कार्यक्रम बघायचा असतो तिथं."

"तू बघ. मी नाचणार. एकदाच नाचून घेतो, बाय, म्हातारा हाय तोवर. परवा गाडी येते."

बाकी त्याला काही नको होतं. मी पत्रकं वाटते, मोर्चे काढते, मागण्यांची यादी तोंडपाठ म्हणते. दादाची मागणी एवढीच होती.

मैदानावर पुढं पांढऱ्या कापडाचे सोफे. त्यामागं खुर्च्या. त्यामागं बांबू बांधलेले, आणि बांबूंच्या मागं आम्ही. ज्यांची संस्कृती म्हणून फलकावर छापलं होतं ते सगळे बांबूंच्या मागं, उभे. स्टेजच्या मागच्या फ्लेक्सवर तारप्याभोवती नाचणारी, आमच्या भिंतींवर काढतात तशी पांढरी माणसं काढली होती, सगळ्यांची तोंडं तारप्याकडं. चित्र काढणाऱ्याला माहीत होतं. स्टेज बांधणाऱ्याला नव्हतं.

म्हाताऱ्याला आणलं. बारीक झाला होता. निवेदक माईकमध्ये म्हणाला, "बाबा, जरा मागं. अजून मागं." त्याला पार फ्लेक्सला चिकटवला. मग शहरातून आणलेल्या मुली आल्या, एकसारख्या लुगड्यांत, आणि त्याच्यापुढं ओळ धरून उभ्या राहिल्या. तोंडं सोफ्यांकडं. पाठी त्याच्याकडं.

त्यानं फुंकलं. तोच आवाज. दादाचा पाय आपोआप उचलला गेला.

मग दादाला ती ओळ दिसली. "पाठ करून नाचतात गं. म्हाताऱ्याला पाठ करून!"

म्हातारा सवयीनं डावीकडं वळला. ओळ वळली नाही. त्यानं परत वळून पाहिलं. तारपकरी पाय बघून वाजवतो, त्याला पाय दिसायला लागतात. त्याला वेण्या दिसत होत्या. तरी तो वाजवत राहिला, आणि तो रंगात येतोय तोवर निवेदकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं. सोफ्यावरच्या पाव्हण्यांना, आमच्या आमदारांना, पुढं जायचं होतं. आमच्याकडं नाचणारे दमल्याशिवाय तारपा थांबत नाही. इथं पाव्हणे बसून बसून दमले.

आता पाव्हण्यांचा सत्कार. भेट द्यायला शोभेचा तारपा आणलेला होता, चकचकीत वार्निश मारलेला, पण तो म्हणे आयोजकांच्या गाडीतच राहिला. निवेदक हसत म्हणाला, "हाच देऊया, अस्सल आहे!" आणि म्हाताऱ्याच्या हातातून त्याचा तारपा काढून घेतला. पाव्हण्यांनी तो उलटा धरून फोटो काढला. टाळ्या पडल्या.

आम्ही बांबूखालून वाकून स्टेजमागं पळालो. म्हातारा खुर्च्यांच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता. पुढ्यात वार्निशवाला तारपा, आता गाडीतून काढून आणलेला.

दादानं पाया पडून गोणी सोडली. "आजा, वळखलं का? काठीवाला मी. थोडंसं वाजव. इथंच. आम्ही दोघं हाय ना."

म्हाताऱ्यानं काठीवरून हात फिरवला. "कशानं वाजवू, पोरा? माझा नेला. म्हनले, हा घे, नवा हाय." त्यानं तो उचलून फुंकला. नुसती हवा. शोभेच्या वस्तूत आवाज काढणारी बांबूची जीभ कोण बसवतो? "दुसरा करायचा तर भोपळा पाहिजे. वेल लावा, सुकवा. पुढल्या साली."

मी पाव्हण्यांच्या गाडीकडं धावले. मागच्या काचेतून तारपा दिसत होता, पुष्पगुच्छांमध्ये आडवा. मी काच वाजवली. पुढच्या सीटवरच्या स्वीय सहायकानं मला ओळखलं. ओळखणारच, दर महिन्याला मी त्याच्या टेबलासमोर उभी असते. काच चार बोटं खाली आली.

"ताई, निवेदन ऑफिसात द्या."

"निवेदन नाही, तो तारपा..."

काच वर गेली. गाडी गेली.

परत आले तेव्हा मी तावातावानं बोलत होते. उद्याच पत्रक काढते, गावागावांत वाटते, यांना सोडत नाही.

दादा काठी गोणीत गुंडाळत होता. "तुझ्या पत्रकावर पण वर तारपा छापलेला असतो ना?"

"असतो. मग?"

"तो तरी वाजतो का?"

म्हातारा खुदकन हसला. मला हसू आलं नाही.

आम्ही त्याला मोटारसायकलवर मधे बसवून पोशेऱ्याला सोडलं. वार्निशवाला तारपा त्यानं मांडीवर धरला होता. "पोरांना खेळायला व्हईल," म्हणाला.

ठरल्या दिवशी मुकादमाची गाडी आली. दादा चढला. काठी त्यानं आढ्याला परत खोचली नव्हती, गोणीसकट माझ्या हातात दिली. "पुढल्या साली मी नसलो तर तू धर," म्हणाला. पुढल्या सालीही गाडी दिवाळी सरताच येणार, हे त्याला माहीत होतं, मलाही.