ढांग्याची उडी

मुल्लाणी सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांचे मोठमोठे विद्यार्थी लिहीत आहेत. मी मॅट्रिक झालेली घरसंसारी बाई. सरांची विद्यार्थिनी माझी मुलगी वैशाली होती. तिच्या वाटचं मी लिहिते.

सत्त्याण्णव साली वैशूच्या पायांतली शक्ती जात चालली आणि सातवीतच शाळा सुटली. पुढच्या शनिवारी तिचे विज्ञानाचे सर गडमुडशिंगीहून सायकल मारत आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "वहिनी, शाळा आत आणली तर चालंल का?" तीच आमची पहिली ओळख. पुढं तीन वर्षं त्यांनी एक शनिवार चुकवला नाही. रोज्याच्या महिन्यात पाण्याचा घोटही न घेता शिकवून जात.

अवघड प्रश्न आला की सर आधी विचारत, "हाय तसं सांगू, का गोड करून सांगू?" त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल.

एकदा त्यांनी कमी ओढीच्या ग्रहाचं सांगितलं. "चालणं म्हणजे दर पावलाला थोडं पडायचं आणि सावरायचं. जिथं जमिनीची ओढ कमी, तिथं पडणंच सावकाश. मग चालून कधी पोचायचं? तिथली जनावरं लांब, संथ उड्या मारत जातील. पाय काटकुळे असले तरी भागंल, पण वळताना घसरतील. म्हणून पंजे रुंद."

देवीच्या जुन्या कॅलेंडरची पानं मी टाकत नसे. त्यातल्याच एकाच्या कोऱ्या बाजूवर वैशूनं तसं जनावर काढलं, नाव ठेवलं ढांग्या. मग विचारलं, "सर, तिथं मी चालीन?"

"हाय तसं सांगू, का..."

"गोड सांगा की वो सर," मीच मध्ये बोलले. "काय बिघडतंय?"

"आई, तू गप. सर, हाय तसं."

सर खाली बघत म्हणाले, "थोडे दिवस उभी राहशील बाळ. अंग हलकं लागंल. पण दुखणं तिथंबी वाढंल."

मला फार राग आला. वैशू मात्र विचार करून म्हणाली, "पण पडले तर हळू पडीन न्हवं? आई स्वयंपाकघरातनं येऊन धरील."

"धरतील की. फक्त वहिनींनी धावायचं न्हाय, ढांग्यागत उडी घ्यायची."

"आई? लुगड्यात?" म्हणत पोरगी पोट धरून हसली.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टर, पाहुणे, मी, सगळे तिच्याशी गोड बोलत होतो. ती वाट बघायची ती शनिवारची. एका शुक्रवारी ती गेली. आमच्याकडं फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी सर आले आणि दारातला चपलांचा ढीग बघून सायकल धरून तसेच उभे राहिले. "दिवस गेले की कमी होईल," असं मला सगळेच सांगत होते. सर म्हणाले, "वहिनी, हे कमी होणार न्हाय." सरांचंच खरं ठरलं.

मागच्या महिन्यात सर अंगणात घसरले, आता हातात काठी आहे असं कळलं. आई अंबाबाईला मी रोज सांगते, सरांना शंभर वर्षं धडधाकट ठेव. सर, पाऊल जपून टाका. इथं पडणं फार लवकर होतं, धरायला पोचता येत नाही.