हेडसेटच खराब आहे!

प्रेस शॉपमध्ये दोन गोष्टी साठत जातात. एक स्क्रॅप आणि दुसरे किस्से. स्क्रॅप उचलायला टेम्पो तरी येतो. किस्से तिथेच पडून राहतात, आणि नवीन माणूस आला की कोणीतरी त्यातला एखादा उकरून त्याच्यापुढे ठेवतंच. आमच्याकडचे अलीकडचे बरेचसे किस्से माझ्यावरच आहेत. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. तेवढीच लाज कमी!

वाळूजला आमचा कारखाना. दुचाकीवाल्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट ठोकून देतो. मी देशपांडे मॅडम, डिस्पॅच बघते. म्हणजे दिवसभर फोन! कस्टमर मला विचारतो माल कुठे आहे, मी ड्रायव्हरला विचारते गाडी कुठे आहे, आणि ड्रायव्हर मला विचारतो मॅडम, गेट कोणतं. केबिन काचेची आहे, पण काचेला लागूनच पत्रा ठोकणाऱ्या प्रेसची रांग. प्रत्येक ठोक्याला टेबलावरचा चहा थरथरतो.

आणि माझा डावा कान गेलाय. उजवाही काही फार खणखणीत नाही. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. चष्मा लागला की माणूस हुशार दिसतो, कान गेला की एकदम म्हातारा! शिवाय डिस्पॅचच्या बाईला ऐकू येत नाही म्हटल्यावर फोन दुसऱ्याच्या हातात जाणार आणि मी स्टोअर्समध्ये नटबोल्ट निवडत बसणार. नोकरी गेली नसती, पण फोन गेला असता. त्या फोनवर माझी ऐट होती, खोटं कशाला बोलू.

*

सुरुवात झाली ती चाकणच्या शिंद्यांमुळे. शिंदे म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरचे पर्चेसवाले. त्यांनी फोनवर सांगितलं, "सतरा क्रेट पाठवा." मी ऐकलं, सत्तर!

आमचे बाबासाहेब लोडिंग बघतात. फुलंब्रीहून रोज बसने येतात, माणूस भला. ते म्हणालेसुद्धा, "मॅडम, सत्तर लई हुतेत. परत इचारता का?" मी म्हटलं, "मला काय ऐकू येत नाही का? सत्तर म्हणजे सत्तर!"

चाकणच्या गेटवर सतरा उतरवून घेतले आणि बाकीचा टेम्पो तसाच वाजतगाजत परत आला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी मान खाली घालून उभी. फोन जाणार, आज जाणार, एवढंच डोक्यात. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या मागे आवाज फार असतो. चांगला वायरलेस हेडसेट घ्या एखादा. वापरून बघा, जमेल तो ठेवा."

मी ती संधी अशी पकडली! "हो ना साहेब, आवाजाचाच प्रॉब्लेम आहे! कधीपासून सांगायचं म्हणत होते!"

*

पहिला हेडसेट बाबासाहेबांच्या पुतण्याचा, तपासायला आणलेला. दोन्ही कान झाकणारा, उशीएवढा जाड, आणि कडेने निळे-लाल दिवे. पोरं गेम खेळताना घालतात तो. तो घालून मी शेडमधून फिरायला लागले की ऑपरेटर मशीन सोडून बघायचे.

पण आवाज एकदम बंद! इतकी शांतता मी त्या शेडमध्ये कधी अनुभवली नव्हती. शिंद्यांचा फोन आला. मी चालता चालता नेहमीचं ठरलेलं उत्तर दिलं, "गाडी रस्त्यात आहे साहेब! काय सांगते, रस्त्यातच आहे!" डिस्पॅचवाल्याची गाडी कायम रस्त्यातच असते, मग ती आमच्या गेटवर उभी का असेना.

बोलून झाल्यावर मागे वळले तर फोर्कलिफ्ट माझ्या पाठीला टेकायची बाकी! ती किती वेळ हॉर्न वाजवत होती देव जाणे. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे हातगाडी. आमचे सुपरवायझर रफिकभाई दोन्ही हात वर करून ओरडत होते. मी हेडसेट काढला तेव्हा शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

"मॅडम, गाडी रस्ते में नहीं है, तुम है!"

*

मग एका कानाचा घेतला, म्हणजे दुसरा कान फोर्कलिफ्टसाठी मोकळा. उस्मानपुऱ्यातल्या दुकानातून आणला, तोंडापुढे छोटी दांडी असलेला. उजव्या हाताने लिहायचं असतं म्हणून डाव्या कानावर चढवला; तो कान इतका गेलाय हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. दिवसभर फोन आले आणि दिवसभर मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. संध्याकाळी जाहीर केलं, "हेडसेटच खराब आहे!"

घरी जाता जाता दुकानात गेले आणि पोराला चांगलं झापलं. "आवाजच येत नाही याच्यात. माणसं बघून माल देता का?"

त्याने बिचाऱ्याने गाणं लावलं, हेडसेट स्वतःच्या कानाला लावला आणि किंचाळून लांब फेकला. "मॅडम! फुल्ल आहे हा!"

दुकानात गर्दी. सगळे बघायला लागले. त्याने आवाज कमी केला आणि म्हणाला, "जरा उजव्या कानात घालून बघा." घातला. गाणं खणखणीत! पोरगं खूश झालं आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणालं, "मग हेडसेट नाही खराब, मॅडम. बाजू खराब आहे!"

तोंड लपवायला जागा नव्हती. काहीतरी घ्यायला आलेय असं दाखवायचं म्हणून मी मोबाईलचं एक कव्हर उचललं. घरी येऊन बघितलं, ते माझ्या मोबाईलला बसतही नाही.

*

बाबासाहेबांनाही हेडसेट वापरून बघायची हौस होती. पुतण्याचा तो दिव्यांचा चढवून त्यांनी फुलंब्रीला बायकोला फोन लावला. दोन्ही कान झाकलेले, त्यामुळे त्यांना वाटलं सगळीकडे शांत आहे. पण प्रेस शॉपमधल्या माणसाचा गळा काही शांत होत नाही. ते सवयीने ओरडूनच बोलत होते. आणि नेमकी जेवणाची सुट्टी झाली. सगळ्या प्रेस एकदम थांबल्या.

अख्ख्या शेडने ऐकलं. "व्हय गं, खाल्ला की डबा! लई भारी झालतं वांगं! एक घास ठिवला नाय!"

त्यांच्यासमोर अर्धा वडापाव होता, आणि वांगं रफिकभाई खात होते.

रफिकभाई तोंड पुसत म्हणाले, "सच तो बोला. एक घास नहीं बचा." बाबासाहेब पार ओशाळले. दुसऱ्या दिवशी बायकोने कौतुकाने दोन डबे दिले. दोन्हीत वांगं!

*

तिसरा हेडसेट आला तो खरा भारी. दोन्ही कानांचा, आणि माइक असा की आपला आवाज तेवढा पुढे जातो, मागचा सगळा गाळून टाकतो. मी खूश. आता कोण मला हलवतंय!

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगते. कस्टमर माल कधी म्हणून ओरडायला लागला की आम्ही फोन काचेबाहेर प्रेसच्या दिशेने धरतो आणि म्हणतो, "ऐका! तुमचाच माल चालू आहे!" धाड, धाड, धाड. कस्टमर गार! प्रेसखाली खरं कोणाचं ब्रॅकेट आहे ते आवाजावरून कळत नाही, हे देवाचे उपकार.

शिंद्यांचा फोन आला. मी रुबाबात म्हटलं, "ऐका साहेब, तुमचाच माल चालू आहे!" आणि प्रेसच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले.

मग शिंदे म्हणाले, "काय ऐकू? तुमच्याकडे लाईट गेली का?"

"नाही हो! चालू आहे सगळं!"

"मॅडम, देवळात उभ्या असल्यासारखं वाटतंय. संप आहे का? खरं सांगा."

मी बाबासाहेबांना खूण केली. त्यांनी हातोडा घेऊन रिकाम्या क्रेटवर दणके घातले. त्या भारी माइकने तेही गाळले! शिंद्यांनी थेट साहेबांना फोन लावला की तुमचा कारखाना बंद आहे आणि तुमच्या मॅडम खोटं बोलतायत. साहेबांनी साधा फोन हातात घेऊन स्वतः प्रेसपुढे धरला तेव्हा कुठे त्यांची खात्री पटली.

खोटं बोलताना कधी कोणी पकडलं नव्हतं. खरं बोलताना पकडले गेले! त्या दिवशी प्रेसवर खरोखरच शिंद्यांचा माल होता.

*

या सगळ्यात कारखान्यात कानांची तपासणी निघाली. बाहेर व्हॅन उभी राहिली. आत एक छोटी खोली, खोलीला काच, काचेपलीकडे एक मुलगी मशीन घेऊन बसलेली. ऑपरेटरांबरोबर ऑफिसवाल्यांनीही यायचं, असा साहेबांचा हुकूम. आता सगळं उघडं पडणार.

आत गेले. पुन्हा हेडसेटच! मुलगी म्हणाली, "बीप ऐकू आली की बटण दाबा."

रात्रभर विचार करून मी युक्ती काढली होती. मुलीच्या हाताकडे बघायचं. तिचा हात हलला की बीप झाली असणार. तिचा हात हलला, मी बटण दाबलं. हलला, दाबलं. एकही चुकवली नाही! मनात म्हटलं, शाळेत एवढे मार्क पडले असते तर.

मुलगी उठली, दार उघडून आत आली आणि अगदी हळुवारपणे म्हणाली, "काकू, मी अजून मशीन चालूच केलेलं नाही. मी पेन शोधतेय."

चाकणचा अर्जंट फोन आहे असं सांगून मी व्हॅनमधून उतरले ते थेट केबिनमध्ये. कानावर हेडसेट चढवला आणि बराच वेळ कोणाशीच न बोलता नुसती "हो, हो" करत बसले. रडू येत होतं. बाईमाणसाने एवढ्या वयात असलं लपवाछपवीचं काय काम, असंही वाटत होतं.

*

पुढच्याच आठवड्यात स्टोअर्समधून प्रतिभाला माझ्या केबिनमध्ये आणून बसवलं. साहेब म्हणाले, "हिला जरा काम दाखवा." मला काय ते कळलं. मी तिला सगळं दाखवलं, फोन सोडून.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबल्या होत्या. बाबासाहेब, रफिकभाई आणि प्रतिभा केबिनबाहेरच्या टेबलावर जेवत होते. मी दारातच बसले होते, हेडसेट घालून. फोन नव्हता, पण फोन चालू असल्यासारखी दिसत होते, आणि मला तेच हवं होतं. हेडसेटच्या कडेला एक बटण होतं, ते काय आहे म्हणून सहज दाबलं.

आणि बाहेरचं सगळं आत आलं! डब्याचं झाकण, पाण्याचा घोट, कांदा चावल्याचा आवाज. या बटणाने आजूबाजूचं ऐकू येतं, मोठं होऊन, दोन्ही कानांत. मी हलले नाही.

रफिकभाई प्रतिभाला समजावत होते. "मॅडम से बात करना तो सीधे हात के बाजू खडे रैना. सामने से बोलना, होंठ दिखना उनकू. और जोर से नक्को बोलना, बुरा लगता."

प्रतिभा म्हणाली, "म्हणजे साहेबांना माहितीये?"

"साहेबांनीच तर हेडसेटचं काढलं," बाबासाहेब म्हणाले. "कानाचं मशीन घ्या म्हनलं तर मॅडमला वाईट वाटंल, म्हनले. हेडसेट म्हना."

"मग मला फोनसाठी आणलंय का?"

"नक्को बाबा! फोन मॅडमकाच. तुम माल का चलान देखो."

माझी नजर टेबलावर खिळलेली. मान गरम झाली होती, कानांच्या पाळ्यासुद्धा. पृथ्वी दुभंगली असती तर मी हेडसेटसकट आत गेले असते.

प्रतिभाने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "पण एवढं सगळं करण्यापेक्षा त्यांना एकदा सरळ सांगून का टाकत नाय कोणी?"

"सांगितलं की!" बाबासाहेब भाकरी मोडता मोडता म्हणाले. "मीच सांगितलं, साहेबांच्या देखत. म्हनलं मॅडम, तुमाला ऐकू कमी येतंय, एकदा कान दाखवून घ्या."

"मग? काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, 'चालंल, संध्याकाळच्या गाडीत टाका!'"