ताईच्या मापाचा ब्लाउज

मुलुंडच्या ज्या रंगाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होते, तिथल्या मालकांनी एका वर्षी अजबच पैज लावली. चार-चार जणांनी गट करायचे आणि तीन महिन्यांत वजन उतरवायचं. जितकं वजन उतरेल त्या प्रमाणात मालक एका धर्मशाळेला खाटा देणार होते. बाहेरगावाहून उपचाराला येणारे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथं राहायची. त्या काळात ऑफिसात असलं काही कोणी ऐकलं नव्हतं. ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील.

आमच्या गटात हेडक्लार्क, कॅन्टीन चालवणारे मालवणी काका, टेलिफोन ऑपरेटर असलेली माझी मैत्रीण आणि मी. दर शनिवारी गोडाऊनमधल्या रंगाची पिंपं तोलायच्या काट्यावर आम्ही एकेक करून उभे राहायचो. सगळे हसायचे. मीही हसायचे. मी लहानपणापासून गुबगुबीत, त्यामुळे गटाची सगळी भिस्त माझ्यावर होती.

मैत्रिणीबरोबर रोज सकाळी डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जायला लागले. भात सोडला, चहातली साखर सोडली. दुसऱ्या महिन्यात गालांची हाडं दिसायला लागली. काका काट्यावरचा आकडा बघून म्हणाले, "तू अर्धीच रवलंस गो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास आमच्या सोसायटीतल्या एक म्हाताऱ्या बाई मला जिन्यात बघून भिंतीला टेकल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, संधिप्रकाशात नीट दिसत नाही. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले, तेव्हा मला कळलं त्यांना काय दिसलं होतं. आरशात ताई होती.

माझी ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती शेलाटी, मी जाडी, म्हणून आम्ही सख्ख्या बहिणी आहोत हे कोणाला खरं वाटायचं नाही. आतड्याच्या क्षयानं ती गेली, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. आमचा चेहरा एकच होता, फक्त माझा मांसाखाली दडलेला होता, हे आम्हा दोघींनाही कधी ठाऊक नव्हतं.

आईनं ते माझ्याही आधी ओळखलं असणार. ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली होती. मी ऑफिसातून आले की हातातलं काम टाकून दाराशी यायची. एका रविवारी तिनं लोखंडी कपाट उघडलं आणि तळाशी ठेवलेला ताईचा पोपटी ब्लाउज काढून माझ्या हातात दिला. घालून बघ, म्हणाली. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. मी नको म्हणाले, पण तिचा हात पुढेच होता. ब्लाउज दंडात थोडा घट्ट झाला, बाकी बसला. आईनं मला खिडकीपाशी नेलं, मागून पुढून बघितलं, खांद्यावरची शिवण सारखी केली. मग अगदी हळू, जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली, "अजून थोडी उतर. मग अगदी तशी होशील."

मला तो ब्लाउज तिथंच काढून टाकावासा वाटला. पण काढला नाही. ती कितीतरी वर्षांनी इतकी शांत दिसत होती.

बाबांनी हे बाहेरच्या खोलीतून ऐकलं होतं. रात्री जेवताना ते स्वतः उठले, माझ्या ताटात भात वाढला, त्यावर तूप घातलं. बाबा कधी कोणाला वाढत नसत. आई म्हणाली, तिचं व्रत आहे, चांगल्या कामासाठी आहे. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाले, "जेव. हे मी एकदा बघितलंय."

आईला माझ्या चेहऱ्यात ताईची कॉलेजची वर्षं दिसत होती आणि बाबांना इस्पितळातले महिने. त्या दोघांच्या मधे बसून मी तो भात संपवला. आई पाणी न पिताच उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, गटाचं आम्ही बघतो, तू पोटभर खा. शेवटच्या महिन्यात ती आणि काका नुसत्या ताकावर राहिले. आमचा गट दुसरा आला.

खाटा पोचवायला आम्ही चौघं धर्मशाळेत गेलो. लोखंडी, हिरव्या रंगाच्या खाटा. रंग आमच्याच कारखान्यातला. एका खाटेवर गादी पसरताक्षणी कोपऱ्यात चटईवर बसलेली एक बाई आपल्या मुलीला धरून घेऊन आली. मुलगी माझ्याच वयाची असेल. तिच्या अंगावर काहीच उरलं नव्हतं. तिला आडवं करून बाईनं पायांवर चादर घातली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही पण पेशंट का हो?"

मी नाही म्हणाले. बाईला ते पटलं नसावं. ती थोडी सरकली आणि तिनं मला खाटेच्या कडेवर बसायला जागा करून दिली. मी बसले.

वजन वर्षभरात परत आलं. बाबा निवांत झाले. आई त्याबद्दल कधीच काही बोलली नाही. तो ब्लाउज कपाटात परत गेला असावा, मी शोधला नाही. फक्त मी संध्याकाळी घरात शिरले, की आई मला आत घेऊन दार लगेच लावायची नाही. माझ्या मागे जिन्याकडे बघत थोडा वेळ उभी राहायची.